शेफर्ड्स पाय, तैवानी खिम्याचा

शेफर्ड्स पाय म्हटलं की आमच्या माळशिरस तालुक्यातल्या माणसाला आधी धनगर दिसतो आणि मग त्याचा पाय! प्रत्यक्षात हा इंग्रजांचा साधा घरगुती पदार्थ: खाली मटणाचा खिमा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर, आणि सगळं खरपूस होईपर्यंत ओव्हनमध्ये.

परवा अकलूजला खिमा मात्र तैवानच्या लू-रो-फानच्या चालीवर शिजवला. तिकडे डुकराचं मांस असतं, मी बोकडाचं घेतलं. तळलेला कांदा, सोया सॉस, साखरेऐवजी गूळ (उसाच्या गावात त्याला काय तोटा!) आणि पाच मसाल्यांची पूड. त्यातले चक्रीफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप आपल्याच डब्यातले. पाचवी सिचुआन मिरी म्हणजे कोकणातल्या तिरफळाची चुलत बहीण.

खटाटोप आईसाठी होता. धाकटी तैवानला शिकायला गेल्यापासून "तिथं पोरीच्या पोटात काय जातं कुणास ठाऊक" म्हणून ती स्वतःही नीट जेवत नव्हती. बटाटा ओळखीचा, म्हणून खिमा त्याच्याखाली लपवला.

आईने दोनदा वाढून घेतलं. मग म्हणाली, "गोडसर आहे. तिला सांग, वरून मिरची टाकून खात जा."