वाक्यातील कर्ता

‘पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले.’ हे वाक्य माझे आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला पाणी नेणाऱ्या बंद जलवाहिनीच्या विरोधात मावळातील शेतकरी बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि एका स्त्रीसह तीन माणसे मारली गेली. त्या काळी मी लोणावळ्यात मराठी शिकवीत असे आणि एका दैनिकाला बातम्याही पाठवीत असे. बऊरला मी गेलो नव्हतो. दूरध्वनीवर जे कळले त्याची बातमी केली. पुढे वर्गात प्रयोग शिकवताना हेच वाक्य फळ्यावर लिहिले आणि ध्यानात आले, की हा निर्दोष कर्तरी प्रयोग आहे. कर्ता ‘तिघे’, क्रिया ‘पडणे’. गोळी झाडणारे षष्ठीच्या आडोशाला उभे आहेत.

त्या वाक्यावर नाटक लिहावे असे मला वाटले, ते या अस्वस्थतेतून. आपल्याकडे ‘स्वतंत्र नाटक’ म्हणजे रूपांतरित वा अनुवादित नसलेले. आमचे आणखी एका अर्थाने स्वतंत्र होते, त्याला निर्माता नव्हता. तालमी एका शाळेच्या वर्गात, बाके सरकवून होत.

डोळ्यांसमोर अर्थातच ‘कमला’ (१९८१) होते. अश्विनी सरीन यांनी इंडियन एक्सप्रेससाठी एका स्त्रीची खरेदी करून स्त्रियांच्या विक्रीचा व्यवहार उघडकीस आणला, त्या घटनेचा आधार तेंडुलकरांनी घेतला. समीक्षेने या नाटकाकडे बहुधा सरिताच्या दास्याचे नाटक म्हणून पाहिले आहे. ते योग्यच, परंतु मला त्यातील एक अनुपस्थिती अधिक बोलकी वाटते. कमलाला जिथे उभे केले जाते ती पत्रकार परिषद रंगमंचावर घडतच नाही. ती आपल्याला कळते ती परतलेल्या पुरुषांच्या हसण्याखिदळण्यातून. प्रेक्षकाला तेथे बघ्याची खुर्ची तेंडुलकर देत नाहीत.

मी मात्र ती दिली होती. माझ्या संहितेत गोळीबाराचा प्रवेश होता, ध्वनी-प्रकाशासह, आणि तो परिणामकारक होईल याची मला खात्री होती. मृत स्त्रीची भूमिका करणारी मुलगी मळवलीकडच्या एका गावातली. एका संध्याकाळी ती म्हणाली, “सर, मी येते ती मरायलाच. त्या दिवशी सकाळी मी काय करत होते?”

“भाताची लावणी,” मी म्हणालो.

“ऑगस्टच्या नऊ तारखेला? लावणी तेव्हा उरकलेली असते, सर. बेणणी चाललेली असते.”

कोणी हसले नाही. बातमीला जी सकाळ ठाऊक नव्हती ती नाटकालाही ठाऊक नव्हती. दोन्हींना त्या स्त्रीचे फक्त पडणे हवे होते. बातमीची चिकित्सा करणारी संहिता बातमीचेच व्याकरण वापरीत होती, आणि ते ओळखले ते व्याकरण शिकवणाऱ्याने नव्हे. (एरवी आमचा तालुका वृत्तपत्रांत येतो तो भुशी धरणावरच्या गर्दीमुळे नाहीतर द्रुतगती मार्गावरील अपघातांमुळे, अशी तक्रार मीच व्याख्यानांतून करीत आलो होतो.)

गोळीबाराचा प्रवेश मी काढून टाकला. एका सहकाऱ्याच्या मते त्यामुळे नाटकाचा कणाच गेला. त्याचे म्हणणे मला सर्वस्वी खोडता आलेले नाही. आता आरंभी खाचरातली सकाळ आहे, पण तिची पाने कोरी आहेत. त्या मुलीच्या आईशी आणि चुलतीशी बोलून ती लिहायची आहेत. सध्या दोघी कापणीत आहेत; झोडणी आटोपल्यावर या, असा निरोप आहे.