थोडं जड असावं

'जड' या शब्दावर आपल्या भाषेनं मोठाच अन्याय केला आहे. बुद्धी मंद असली की ती जड, जेवण पचलं नाही की पोट जड, निरोप घेताना अंतःकरण जड, आणि कर्ज फेडताना तर एकेक रुपया जड! पारडं तेवढं जड झालेलं आपल्याला चालतं. तेही आपलं असेल तर. हा शब्द मी वर्गात कितीदा तरी समजावून सांगितला असेल, पण त्याच्या बाजूनं चार शब्द बोलावेत असं कधी मनात आलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र मी घरातल्या दोन स्पीकरांसाठी दोन जड खांब तयार केले, आणि तेव्हापासून मी या शब्दाचा वकील झालो आहे.

मराठीच्या प्राध्यापकानं असले सुतारकामाचे उद्योग कशाला करावेत, असं तुम्ही विचाराल. आमच्या स्टाफरूममध्येही हाच प्रश्न निघाला होता. त्याचं उत्तर म्हणजे एक जुनी कॅसेट. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि एकादशीला कीर्तन करीत. १९९४ साली गावच्या सप्ताहात कुणीतरी त्यांचं एक कीर्तन कॅसेटवर घेतलं. वडील आता नाहीत. एका विद्यार्थ्यानं ती कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून दिली. मी हौसेनं ॲम्प्लिफायर आणि दोन चांगले स्पीकर घेतले, आणि आईला समोर बसवलं. पाच मिनिटं ती मन लावून ऐकत राहिली. मग म्हणाली, "आवाज ह्यांचाच आहे रे. पण बोलतात काय, ते काही कळत नाही."

मी आवाज वाढवला. तिला आणखीच कमी कळू लागलं.

कानाच्या डॉक्टरांनी याचा उलगडा केला तेव्हा मला व्याकरणाचा तास आठवला. उतारवयात कान आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज गमावतो. आता आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत भरदार असतात. पण 'स', 'त', 'क', 'ट' यांची ओळख पटवणारा नाजूक आवाज वरच्या पट्टीत असतो. म्हणजे माणसाला स्वर ऐकू येतात आणि व्यंजनं हरवतात. त्यात खालचा घुमणारा आवाज फार झाला, तर तो वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. शब्दाचं अंग दिसतं, चेहरा दिसत नाही!

आणि आमच्या घरात घुमणारा आवाज भरपूर होता. स्पीकर मी ठेवले होते कुठं, तर एक कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटावर आणि दुसरा भिंतीला लागून असलेल्या शोकेसवर. मध्यमवर्गीय घरात रिकामी जागा उरते ती उंचावरच. स्पीकरचा पडदा पुढं हवा ढकलतो, तेव्हा त्याची पेटी मागं ढकलली जाते. न्यूटनसाहेबांचा नियम हिंगोलीतही लागू आहे. पेटी हलली की खालचं कपाट थरथरतं, कपाटाचा पत्रा आपला वेगळाच सूर लावतो, आणि एका ठरावीक स्वराला शोकेसमधलं फुलपात्र साथीला येतं. शिवाय भिंत आणि कोपरा खर्जाचा आवाज फुगवतात, ते वेगळंच. वीणेच्या भोपळ्यानं आणि तबल्याच्या खोडानं गावं, कारण ती वाद्यं आहेत. स्पीकरखालच्या कपाटानं गाऊ नये. दुसऱ्याचं बोलणं पोचवायचं ज्याचं काम, त्यानं मध्ये स्वतःचं काही मिसळायचं नसतं.

यावर उपाय म्हणजे भिंतीपासून दूर, जमिनीवर पक्के उभे राहणारे जड स्टँड. बाजारात ते तयार मिळतात. पण त्यांची किंमत पाहिली, आणि हात आपोआप कोपऱ्यातल्या हातोडीकडे गेला.

बुडाशी घेतली फूटभर लांबीरुंदीची, इंचभर जाडीची शहाबादी फरशी. मराठवाड्यातल्या घरात तिचा एखादा तुकडा सापडणार नाही, असं होत नाही. फरशीवाल्याकडून तिला मधोमध भोक पाडून घेतलं, त्यावर सागवानी लाकडाची एक गोल चकती बोल्टनं आवळली, आणि त्या चकतीवर चार इंची पीव्हीसीचा पाइप घट्ट बसवून चारी बाजूंनी स्क्रू मारले. वरच्या तोंडालाही तशीच चकती आणि तिच्यावर स्पीकरच्या मापाची फळी. स्पीकर घसरू नये म्हणून फळीवर सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे. एवढंच बांधकाम.

खरा जीव पाइपातल्या वाळूत. रिकामा पाइप टिचकी मारली तर टणत्कारतो. त्यात वाळू भरली की एकदम मुका होतो. तिचे असंख्य कण एकमेकांवर घासतात आणि थरथरीची शक्ती त्या घर्षणात विरून जाते. शेजारच्या बांधकामावरून मी दोन घमेली वाळू मागून आणली. धुतली, दोन दिवस गच्चीवर वाळवली आणि चाळून घेतली. ओली वाळू भरली तर तिचे गोळे होतात आणि बोल्टही गंजतात. ही चाळण गव्हाची होती हे पत्नीच्या ध्यानात आलं तेव्हा घरात जी थरथर झाली, ती विरवण्याइतकी वाळू माझ्यापाशी नव्हती. एकेका पाइपात नऊ किलोंच्या आसपास वाळू बसली. फरशी आणि लाकूड धरून एक खांब सोळा किलोंवर गेला.

उंचीचा प्रश्न मजेदार होता. बारीक आवाज काढणारा छोटा पडदा ऐकणाराच्या कानाच्या उंचीला असावा, असा नियम आहे. पण आमच्या घरात एक जण खुर्चीवर, एक चटईवर आणि एक दाराच्या चौकटीला टेकून ऐकतो. मग कान धरायचा कुणाचा? मी आईच्या बाजेवर तिला बसवून जमिनीपासून तिच्या कानापर्यंत माप घेतलं. ते एकोणचाळीस इंच भरलं. छोटा पडदा स्पीकरच्या बुडापासून दहा इंचांवर होता. म्हणून खांब केले एकोणतीस इंचांचे. बाकीच्यांनी आपापले कान जुळवून घ्यावेत! काळा ऑइलपेंट देऊन खांब उभे केले, तेव्हा आई म्हणाली, "दोघांना विटेवर उभं केलंस की रे!"

ऐकण्यासाठी अशी खटपट करणं आमच्या जिल्ह्याला नवीन नाही. नामदेवांची नर्सी इथलीच. औंढ्याच्या देवळात त्यांना मागं जाऊन कीर्तन करायला सांगितलं, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं, ही कथा इथं लहान मुलालाही ठाऊक असते. मागच्या बाजूचा नंदी त्याची साक्ष म्हणून दाखवतात. मी स्पीकर किंचित वळवून आईच्या बाजेकडं तोंड करून ठेवले, तेव्हा मला ती कथा आठवली.

त्याच औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारायची योजना आहे. तिच्यासाठी केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या टकरीतून उठलेली गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली. ती शंभर कोटींहून अधिक प्रकाशवर्षांवरून आली होती. एवढी क्षीण हालचाल कळावी म्हणून तिथं चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आहेत, आणि त्यांतले आरसे चाळीस-चाळीस किलोंचे असून एकाखाली एक अशा चार लोलकांच्या टांगणीला लावलेले आहेत. ट्रकच्या धडधडीनं आरसा हलला, तर आकाशातलं काय ऐकू येणार? जागा निवडतानाही जमीन किती शांत आहे ते पाहतात. माझ्या सोळा किलोंच्या खांबांना त्या आरशांच्या पंगतीला बसवण्याचा माझा मुळीच विचार नाही. पण दूरचं क्षीण बोलणं ऐकायचं असेल, तर आधी जवळची थरथर थांबवावी लागते, एवढं शास्त्र दोघांचं एकच आहे.

वडिलांचं कीर्तन पुन्हा लावलं त्या संध्याकाळी मी मुद्दाम आवाज पहिल्याहून कमी ठेवला. फुलपात्र गप्प होतं. कपाट गप्प होतं. टाळ आता टाळासारखे वाजत होते आणि वडिलांच्या तोंडातला 'स' कित्येक वर्षांनी घरात ऐकू येत होता. आई डोळे मिटून बसली होती. तिचे डोळे भरून येतील या धास्तीनं मी पाण्याचा तांब्याही आणून ठेवला होता. एका अभंगाच्या मध्यावर तिनं डोळे उघडले आणि ठसक्यात म्हणाली, "हे बघ, इथं चुकायचे ते! एक शब्द नेहमी मागचा पुढं करायचे. किती वेळा सांगितलं, पण ऐकतील तर ना!"

लग्नानंतरची सगळी वर्षं ती बायकांच्या बाजूला, खांबाआड बसून प्रत्येक कीर्तन ऐकत आली होती. अख्खा अभंग तिला पाठ होता, आणि आम्हा मुलांना त्याचा पत्ताही नव्हता.

आता दर एकादशीला आमच्याकडं ते कीर्तन लागतं. ती जागा आली की आई वडिलांच्या अर्धा क्षण आधी तो शब्द बरोबर करून म्हणते, आणि मग समाधानानं पुढचं ऐकू लागते.