दीक्षेचा दुसरा दिवस : धम्माची सुरुवात कुठून करावी?

१) अशोक विजयादशमी जवळ आली की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "बौद्ध धम्म समजून घ्यायचा आहे, सुरुवात कुठून करू?" विचारणाऱ्यांत धम्माशी पूर्वसंबंध नसलेले मित्र असतात, तसेच माझ्यासारखे बौद्ध घरात जन्मलेलेही असतात. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी याचे उत्तर आमच्या नागपूरच्याच इतिहासात शोधते. वाचकहो, हाच प्रश्न १९५६ साली लाखो माणसांपुढे एकाच दिवशी उभा राहिला होता.

२) १४ ऑक्टोबर १९५६. कुशीनगरचे वयोवृद्ध भिक्खू महास्थविर चंद्रमणी यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि माईसाहेब यांना त्रिशरण व पंचशील दिले. त्यानंतर बाबासाहेबांनी समोरच्या शुभ्रवस्त्रधारी जनसमुदायाला स्वतः दीक्षा दिली आणि २२ प्रतिज्ञा वदवून घेतल्या. १५ तारखेला नागपुरातच त्यांचे प्रदीर्घ भाषण झाले, १६ तारखेला चंद्रपूरला दीक्षा समारंभ झाला आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा अवघे ५३ दिवस झाले होते.

३) त्या नवदीक्षितांची स्थिती डोळ्यांसमोर आणा. बहुतेक गावांत विहार नाही, भिक्खू नाही. ग्रंथ पालीत आणि वाचता येणारे थोडे. ज्यांनी दीक्षा दिली तेही गेले. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्धांची संख्या २,४८७ होती. १९६१ मध्ये ती २७,८९,५०१ झाली. एवढ्या माणसांना शिकवणार कोण, हा त्या दशकाचा खरा प्रश्न होता.

४) बाबासाहेबांना ही अडचण आधीच दिसली होती. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी धम्मप्रसारासाठी आवश्यक गोष्टी मांडल्या, त्यांत सर्वसामान्यांना हाती धरता येईल अशा एका ग्रंथाची गरज सांगितली. बौद्ध वाङ्मय इतके अफाट आहे की नवख्या माणसाने त्यात शिरावे कुठून, हेच कळत नाही. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्याच गरजेतून सिद्ध झाला. पण तो प्रकाशित झाला १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात आणि इंग्रजीत.

५) त्याआधीच्या जिज्ञासूंची वाट पुस्तकांतून गेली होती. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी १८९८ साली गौतम बुद्धाचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले. तेच त्यांनी पुढे मॅट्रिक झालेल्या तरुण भीमरावांना भेट दिले. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींना बुद्ध प्रथम भेटला तो 'बालबोध' या मुलांच्या मासिकात. त्या ओढीने १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले, श्रीलंकेत जाऊन पाली आत्मसात केली आणि पुढे ते ज्ञान मराठीत आणले. १९४७ साली त्यांनी देह ठेवला तो आमच्या विदर्भातल्या सेवाग्राम येथे.

६) १९५६ च्या माणसांची सुरुवात मात्र कानाने झाली. माझी आजी कधी शाळेत गेली नाही. पाली वंदना तिने वस्तीतल्या विहारात ऐकून ऐकून पाठ केली. लहानपणी मी अर्थ विचारला की ती म्हणे, "अर्थ मांगून समजते पोरी, आधी जे सोडाचं हाय ते सोड." पुढे मी पाली शिकले, तेव्हा या बोलण्यातले मर्म कळले. पंचशीलातील प्रत्येक शीलात 'शिक्खापद' हा शब्द येतो. त्याचा अर्थ शिकण्याचा पाठ. शील घेणारा 'मी हा पाठ स्वीकारतो' एवढेच म्हणतो. पाठ पूर्ण झाल्याचा दावा करीत नाही. ही भाषा मुळातच नवशिक्याची आहे.

७) सोडणे सोपे नव्हते. देवघरातील मूर्ती गेल्या, पिढ्यान्‌पिढ्यांचे नवस व सण गेले. व्यवहारातही किंमत मोजावी लागली : अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना मिळू लागल्या त्या १९९० च्या कायदादुरुस्तीनंतर. म्हणजे ३४ वर्षे 'बौद्ध' एवढा एक शब्द नोंदवण्यासाठी अनेकांनी हातची संधी गमावली.

८) त्यामुळेच आमच्या तिसऱ्या पिढीचा पेच मला गंभीर वाटतो. जन्मावर माणसाची योग्यता ठरवणे नाकारण्यासाठी आजोबा-आजींनी जो धम्म निवडला, तो आम्हाला जन्मानेच मिळाला. दाखल्यावर 'बौद्ध' आहे, भिंतीवर तसबीर आहे. पण जे निवडावे लागले नाही ते तपासून पाहण्याची सवयही राहिली नाही. कालामांना केलेल्या उपदेशात बुद्ध परंपरेने आले म्हणून काही मानू नका असे सांगतात. तो उपदेश बौद्ध घरातल्या मुलांनाही तितकाच लागू आहे.

९) म्हणून माझे उत्तर असे. त्रिशरण-पंचशील अर्थासह शिका. पाचांपैकी एक शील निवडून महिनाभर रोज रात्री स्वतःचा दिवस तपासा. असत्य न बोलण्याचे शील घेतले तर पहिल्याच आठवड्यात आपली ओळख आपल्याला नव्याने होते. २२ प्रतिज्ञा संपूर्ण वाचा : पुष्कळांना त्यांतील नकार तेवढे ठाऊक असतात, अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता आणि प्राणिमात्रांविषयी करुणा त्याच प्रतिज्ञांत आहेत, हे ठाऊक नसते.

१०) वाचनासाठी कोसंबींचे 'भगवान बुद्ध' घ्या आणि बाबासाहेबांच्या ग्रंथाचा मराठी अनुवाद रोज दोन पाने वाचा. दोघांची मते जिथे वेगळी पडतात तिथे थांबा, विचार करा. रोज दहा मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष द्या. दीक्षा घेतलीच पाहिजे, असे बंधन या अभ्यासाला नाही.

११) आणि एकटे शिकू नका. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, महाराष्ट्रातल्या कितीतरी विहारांत बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन चालते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात; कुणी आजी मध्येच अर्थ विचारते आणि वाचन थांबते. जवळच्या विहारात जाऊन मागच्या ओळीत बसा. कळले नाही तर तुम्हीही विचारा.