गॅरेजमधली शाळा

शाळेचा दाखला हा वस्तुतः एक साधा कागद. मुलाचे नाव, जन्मतारीख, इयत्ता, शाळा सोडण्याचे कारण आणि खाली मुख्याध्यापकांची सही. धर्मगुरू या नात्याने शाळांच्या व्यवस्थापनाची जबाबदारी आमच्यावर आली, तेव्हा असे शेकडो कागद आमच्या नजरेखालून गेले. त्यांपैकी एकच कागद आम्ही अकरा दिवस टेबलाच्या खणात अडवून ठेवला. त्या अकरा दिवसांची ही कबुली आहे. आणि त्यानंतर वसईतील एका वाडीत टेम्पोच्या गॅरेजची जी शाळा झाली, तिची हकीकत.

२०२२ सालचा जून महिना होता. आमच्या धर्मग्रामातील एक माता कार्यालयात आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "फादर, मुलाचा दाखला हवा होता."

"कोणत्या शाळेत घालता आहात?"

"कुठल्याच नाही, फादर. घरीच शिकवणार आहोत."

मुलगा अकरा वर्षांचा, नुकताच सहावीत गेलेला. बोलण्यात चुणचुणीत, परंतु पुस्तक समोर आले की अडखळे. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत त्याची गफलत होई, काने-मात्रे निसटून जात. महामारीच्या काळात शाळा बंद राहिल्या आणि ही दरी अधिकच रुंदावली. मुंबईतील एका इस्पितळात तपासण्या होऊन 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' असे प्रमाणपत्र मिळाले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या एकवीस प्रकारांचा समावेश आहे, त्यांत ही अक्षमता आहे. शाळेने ते प्रमाणपत्र घेतले आणि फाइलला लावले. पुढे काही झाले नाही. शिक्षक दुष्ट नव्हते. त्यांच्यापुढे साठ मुले होती. पण प्रगट वाचनाची पाळी रोज येई, वर्ग रोज हसे आणि रोज सकाळी त्या मुलाचे पोट दुखे.

हे सर्व त्या मातेने आम्हांला शांतपणे सांगितले. आम्ही ऐकले, पण खरे सांगायचे तर ऐकले नाही. आमच्या मनात एकच विचार घोळत होता: आज हा गेला, उद्या आणखी चार जातील आणि लोक म्हणतील, फादरांच्या शाळेत काही राम राहिला नाही. आम्ही कायद्याचा आधार शोधला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा पालकांवर मुलाला शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य सोपवतो, हे आम्ही तिला ऐकवले. न पाळणाऱ्या पालकाला तो कायदा कोणतीही शिक्षा सांगत नाही, हे मात्र सांगितले नाही. दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाचा दाखला तत्काळ द्यावा, असेही तोच कायदा म्हणतो. येथे दुसरी शाळाच नव्हती, या पळवाटेत आमचा अहंकार जाऊन बसला.

सेमिनरीत असताना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा शिक्षणविषयक जाहीरनामा आम्ही अभ्यासला होता. २८ ऑक्टोबर १९६५ च्या त्या दस्तऐवजात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक मानले आहेत. किती तरी प्रवचनांत आम्ही हे सांगितले असेल. आता एक माता ते वचन शब्दशः आचरू पाहत होती आणि आम्ही खणाला कुलूप लावून बसलो होतो. बाराव्या दिवशी कागदावर मुख्याध्यापकांची सही घेतली आणि तो स्वतः नेऊन द्यावा म्हणून त्या घरी गेलो.

घरामागे केळीची बाग आणि बागेच्या कडेला गॅरेज होते. मुलाचे आजोबा केळीचे घड आणि भाजी टेम्पोत भरून दादरच्या बाजारात नेत असत. २०१९ साली त्यांनी टेम्पो विकला. तेव्हापासून तेथे मोडक्या टोपल्या, जुने टायर आणि कोंबड्यांचा वावर. घरात खोल्या दोनच. शिकण्यासाठी जागा हवी तर ती हीच, असे कुटुंबाने ठरवले होते.

गॅरेज हे गाडीसाठी बांधलेले असते, माणसासाठी नव्हे. हे आम्हांला त्या दिवशी कळले. उजेड येतो तो फक्त शटरमधून. शटर ओढले की अंधार आणि कोंदटपणा. पाणी वाहून जावे म्हणून जमीन शटरकडे उतरती; त्यामुळे टेबल ठेवले की पाय डगमगतात. वर सिमेंटचे पत्रे होते. अशा जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा कापला, भोसकला वा फोडला तर ते हवेत उडतात आणि फुप्फुसांना घातक ठरतात. म्हणून मुलांना दूर ठेवून, पत्रे पाण्याने भिजवून, तोंडाला मास्क बांधून माणसांनी ते अखंड उतरवले. त्यांच्या जागी लाकडी वाशांवर मंगलोरी कौले आली आणि खोलीतील ताप बराच कमी झाला. ऑइलचे डाग हा दुसरा प्रश्न. त्यांवर दोन दिवस लाकडाचा भुसा पसरून ठेवला, मग धुण्याचा सोडा आणि गरम पाण्याने जमीन घासली, छिन्नीने खाचा पाडल्या आणि त्यावर नवा कोबा घातला. खिडकी मुलाच्या उजव्या हाताच्या भिंतीला काढली, कारण तो डावखुरा आहे. उजेड डावीकडून आला असता तर त्याच्याच हाताची सावली वहीवर पडली असती. समोरच्या भिंतीत वर दुसरा झरोका ठेवला, म्हणजे वारा आरपार जाईल.

कोबा घालण्याच्या दिवशी आम्ही तेथे होतो. गवंडी पाण्याच्या नळीने लेव्हल काढीत होता. पारदर्शक नळीत पाणी भरायचे, दोन टोके दोन भिंतींना धरायची. पाणी दोन्हीकडे सारख्याच उंचीवर थांबते, तेथे खूण करायची. दुसरे टोक मुलाच्या हाती होते. तीन खुणा झाल्या. चौथीला तो म्हणाला, "आजोबा, थांबा. नळीत बुडबुडा आहे. खूण खोटी येईल." गवंड्याने नळी उंच धरून बुडबुडा काढला, पुन्हा मोजले, खूण दोन बोटे खाली आली. आजोबा काही बोलले नाहीत. पोराच्या हातात त्यांनी आपली टेप दिली.

आम्ही मात्र अस्वस्थ झालो. ज्याच्या प्रगतिपुस्तकावर आमच्या शाळेने वर्षानुवर्षे 'मंद' अशा अर्थाचे शेरे लिहिले, तो हाच मुलगा. पाच वर्षांत त्याच्या हाती एकदाही नळी, टेप, ओळंबा द्यावा असे आम्हांला सुचले नव्हते.

मुलाची आई पदवीधर आहे. सकाळी तीन तास ती शिकवते; गणित आणि मोजमाप आजोबांकडे. धडा आधी ऐकायचा, मग बोटाने ओळ धरून वाचायचा, मग तोंडी सांगायचा, असा क्रम. वाचकहो, हे सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. आईची चिडचिड होई, मुलगा शटर ओढून रुसून बसे. सर्वांत मोठे दुःख एकटेपणाचे. मधल्या सुट्टीची घंटा वाडीपर्यंत ऐकू येते. ती झाली की तो वही मिटून बाहेर बघत राही. हे आईने आम्हांला सांगितले तेव्हा ती रडली.

यावर उपाय त्या शटरनेच दिला. तेथे भिंत घालावी असे आधी ठरले होते. पण पैसे संपले आणि शटर राहिले. संध्याकाळी ते पूर्ण उघडले की खोली वाडीला जोडली जाते. शाळा सुटल्यावर चार मुले येऊ लागली, मग सात. गृहपाठ होतो, कॅरम होतो, आणि टेप घेऊन आमचा मुलगा त्यांना अपूर्णांक शिकवतो.

आज तो चौदा वर्षांचा आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेच्या दहावीला नाव घालण्याचे किमान वय तेच. नाव घातले आहे. तेथे मराठी माध्यम मिळते, प्रवेश पाच वर्षे टिकतो आणि तेवढ्या काळात एकेक विषय सवडीने देता येतो. तो अजूनही सावकाश वाचतो. परीक्षेचे काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही.

आमच्या शाळेत झालेला बदल छोटा आहे. प्रगट वाचनाची सक्ती आम्ही बंद करवली, दोन शिक्षिकांना प्रशिक्षणाला पाठवले आणि इस्पितळाचे प्रमाणपत्र आले की पालकांना त्याच आठवड्यात बोलावतो. आणखी तीन मुलांची अडचण त्यामुळे ध्यानी आली; ती शाळेतच आहेत. प्रत्येक घरी गॅरेज नसते, पदवीधर आई नसते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच शाळेची जबाबदारी संपत नाही.

गेल्या महिन्यात त्या मातेला आम्ही विचारले, "त्या अकरा दिवसांचा राग आहे का?"

ती म्हणाली, "राग नाही, फादर. पण त्या अकरा दिवसांत तो रोज विचारायचा, फादरांनी मला सोडलं का?"

आम्ही उत्तर दिले नाही. संध्याकाळ झाली होती. शटर उघडायला मुलाने हाक मारली, म्हणून उठलो.