भाड्याची खोली आणि वाऱ्याची वाट

घर स्वतःसाठी सजविणे आणि घर दुसऱ्यासाठी सिद्ध करणे, या दोन कृत्यांत मोठे अंतर आहे. स्वतःच्या घरातील उणिवा आपणांस ठाऊक असतात. कोणती फरशी हलते, कोणत्या बटनास ओल्या हाताने शिवू नये, हे घरातले लहान पोरही जाणते. परक्यास यांतील काहीच ठाऊक नसते. तो केवळ आपल्या शब्दावर विसंबून रात्री दार लावून निजतो. म्हणून खोली भाड्याने देणे हा निव्वळ पैशाचा व्यवहार नव्हे. एका अनोळखी कुटुंबाच्या झोपेची हमी त्यात आपण घेत असतो.

आमचे सुदुंबरे हे मावळ तालुक्याच्या पूर्वेकडील गाव. तुकोबांचे टाळकरी आणि त्यांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे यांची समाधी येथे आहे. मार्गशीर्षातील त्यांच्या पुण्यतिथीस येणाऱ्या वारकऱ्यांना ओसरी मोकळी करून देण्याची चाल आमच्या घरी जुनीच. परंतु एकीकडे चाकण व दुसरीकडे तळेगाव येथे कारखाने वाढले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन गावात येऊन राहिली, आणि एका रात्रीच्या पाहुण्याशेजारी अकरा महिन्यांचा बिऱ्हाडकरूही आला. आमच्या परसातील दोन खोल्या यंदा दिवाळीनंतर एका नव्या बिऱ्हाडास द्यावयाच्या होत्या. लातूरकडील तरुण जोडपे, नवरा कारखान्यात, आणि पदरी दोन महिन्यांचे मूल. दसरा होताच घरात त्या खोल्यांचा खल सुरू झाला.

प्रथम भिंती. मावळचा पाऊस चार महिने भिंतीत मुरतो आणि तो निघून जाण्यास आश्विनातील ऊन लागते. पुष्कळ घरमालक ओल्या भिंतीवरच तेलरंग फिरवून मोकळे होतात. खोली चार दिवस चकचकीत दिसते. मग आत कोंडलेली ओल रंगाचे पोपडे काढते, खाली लोणा फुटतो, वर बुरशी चढते, आणि थंडीत दारे लागली की तीच हवा बिऱ्हाडकरूच्या छातीत जाते. यावर परीक्षा सोपी आहे. वीतभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीस चारी कडांनी घट्ट चिकटवून दिवसभर ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूस दव दिसले, तर भिंत अद्याप ओली आहे असे समजावे व कुंचला खाली ठेवावा. आम्ही पंधरा दिवस थांबलो आणि नंतर चुन्याची सफेदी दिली. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडू शकते. तेलरंगातून ती पडत नाही.

भातकापणी झाली की शेतातले उंदीर घरांकडे वळतात आणि त्यांच्यामागून सापही येतो. म्हणून दाराखालची फट पट्टी ठोकून बुजविली, मोरीच्या तोंडास जाळी बसविली, पाण्याची टाकी घासून घेतली. यांविषयी घरात दुमत नव्हते. दुमत झाले ते ऊब कशी आणावी यावर.

चिरंजीवांचे म्हणणे असे की, न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवावा. "नाना, पाणी लगेच तापते आणि विजेचे बिलही वाढत नाही." आमच्या वहिनींचे मत निराळे. घरात तान्हे मूल येणार, तेव्हा खोलीत रात्री शेगडी हवी व वरचा झरोका बुजवून टाकावा, म्हणजे वारा लागणार नाही. "भाऊजी, या घरातली सगळी बाळंतपणे शेगडीवरच झाली. कुणाला काय झाले?" हा प्रश्न हसून सोडून देण्याजोगा नव्हता. वहिनींनी चार मुले व कितीतरी पुतणे-भाचे वाढविले आहेत.

निखारा असो वा गॅस, जळण्यास वायू लागतो. बंद खोलीत तो पुरेसा मिळाला नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू उत्पन्न होतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्यास हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ साली ही क्रिया दाखवून दिली. माणसास आधी डोके दुखल्यासारखे होते, मळमळते, गुंगी येते. आणि तो निजलेला असेल तर यांतील काहीच त्यास कळत नाही. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत या वायूची चाहूल लागावी म्हणून पिंजऱ्यात लहान पक्षी नेत असत. त्यांच्या जागी यंत्रे आणण्याचे तेथे १९८६ साली ठरले. पक्षी लहान, त्याचा श्वास जलद, म्हणून विष त्यास आधी बाधते. तान्ह्या मुलाचा श्वासही मोठ्या माणसापेक्षा जलद असतो. ज्याच्यासाठी शेगडी ठेवावयाची, तेच मूल त्या खोलीत सर्वाधिक संकटात!

मग जुनी बाळंतपणे निभावली कशी? माझ्या मते याचे उत्तर छपरात आहे. वहिनींची बाळंतिणीची खोली कौलारू होती. कौलांच्या सांध्यांतून धूर बाहेर जाई, लाकडी दारांच्या फटींतून वारा आत येई. धोका तेव्हाही होता, परंतु घराला गळती होती आणि त्या गळतीने अनेकांस तारले. आजची खोली वर स्लॅबची, खिडक्या सरकत्या काचांच्या, दारे घट्ट. शेगडी तीच राहिली, पण तिच्याभोवतीचे घर पालटले. आपण आचार पुढे चालवितो आणि ज्या आधारावर तो उभा होता तो आधार केव्हा निघून गेला हे पाहत नाही. जुन्या घरातून नव्या घरात जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

संस्कृतात खिडकीस वातायन म्हणतात. वात म्हणजे वारा व अयन म्हणजे मार्ग. दुसरा शब्द गवाक्ष, म्हणजे बैलाचा डोळा. इंग्रजी 'विंडो' या शब्दाचे मूळही जुन्या नॉर्स भाषेत 'वाऱ्याचा डोळा' असेच आहे. आमच्याकडील उन्हाळा व उत्तरेकडील बर्फ यांत राहणाऱ्या माणसांनी खिडकीचे नाव ठेवताना आधी वारा व डोळा यांचाच विचार केला, हे मी घरात सांगितले. वहिनी बराच वेळ गप्प राहिल्या. नंतर म्हणाल्या, "मग त्या पोरीला ऊब कशी द्यायची, ते सांगा."

प्रश्न रास्त होता. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पारा कधी दहा अंशांखालीही जातो. शेवटी असे ठरले: न्हाणीघरात गॅसऐवजी विजेचा गीझर, त्यास नीट अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरची गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र. माळ्यावरचा तांब्याचा बंब कल्हई करून परसात, उघड्यावर ठेवला. वाडवडिलांनी तो परसात ठेवला होता, हे त्यांचे शहाणपण. वरच्या झरोक्याची काच काढून जाळी बसविली, जेणेकरून तो कोणासही बंद करता येऊ नये. खाट झरोक्याच्या समोरून काढून आतल्या भिंतीकडे लावली, खाली जाड सतरंजी घातली, खिडकीस दुहेरी पडदा लावला. आणि वहिनींनी जुन्या नऊवारींची मऊ गोधडी आपल्या हाताने शिवली. खर्च धरला तर दोन महिन्यांचे भाडे त्यात गेले. चिरंजीवांनी तो हिशेब मांडून दाखविला व गीझरही स्वतःच आणून दिला.

कायद्याची बाजूही सांभाळली पाहिजे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने करार लेखी व नोंदणी केलेला असणे आवश्यक आहे, आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर ठेवली आहे. त्याच कायद्याचे २९ वे कलम पाणी, वीज यांसारखी आवश्यक सोय सबळ कारणाशिवाय तोडण्यास मनाई करते. परंतु त्या करारात पंखे किती, नळ किती, हे लिहितात. झरोक्याचा उल्लेख मी अजून कोणत्याही करारात पाहिला नाही. आमच्या करारात यंदा एक ओळ अधिक आहे: घरमालकाने झरोका बुजवू नये व बिऱ्हाडकरूनेही बुजवू नये.

ज्यांच्या घरी अशा खोल्या आहेत, त्यांना एवढेच सुचवितो. किल्ली हातात देण्यापूर्वी बिऱ्हाडकरूबरोबर दहा मिनिटे खोलीत उभे राहावे. विजेचा मुख्य खटका कोठे आहे, टाकीचा कॉक कोठे आहे, हे दाखवावे. झरोका दाखवावा आणि थंडी वाजली तरी त्यात वर्तमानपत्र का कोंबू नये, याचे कारण सांगावे. नुसते 'बंद करू नका' म्हटल्यास पौषातील पहिल्याच गार रात्री तो बंद होईल. कारण ठाऊक असले, तर मनुष्य आणखी एक पांघरूण घेईल.