पदवी शहरात, काम तालुक्यात

बारावीचा निकाल लागला की पालकांचे फोन सुरू होतात. मुलगी मास मीडियाला जायचं म्हणतेय, पुढे नोकरीचं काय, असा साधारण सूर असतो. मी वृत्तपत्राच्या डेस्कवरून शिकवण्याकडे वळले, त्याला आता बराच काळ झाला. मी त्यांना दोन गोष्टी विचारते. तिला मराठी नीट लिहिता येतं का? आणि नगरपरिषदेचा, जिल्हा परिषदेचा कारभार कसा चालतो, हे जाणून घ्यायची तिला आवड आहे का? दुसरा प्रश्न बहुतेकांना विषय सोडून वाटतो. माझ्या दृष्टीने महाराष्ट्रातल्या माध्यमांमधलं करिअर त्या प्रश्नावरच ठरतं.

शिक्षणाची सोय आपल्याकडे कमी नाही. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात पत्रकारितेचे वर्ग 1950च्या दशकातच सुरू झाले. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा विभाग 1964चा, मुंबईची झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स 1969ची. छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, जळगाव, नांदेड, सोलापूर इथल्या विद्यापीठांत विभाग आहेत, अमरावतीत आयआयएमसीचं केंद्र आहे. मुंबई विद्यापीठाचा बीएमएम, म्हणजे आताचा बीएएमएमसी, तर उपनगरातल्या कित्येक कॉलेजांत आहे. विलेपार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयाने तो मराठी माध्यमातून शिकवायला घेतला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

अडचण अभ्यासक्रमाच्या नजरेत आहे. 2007-08च्या सुमारास झी 24 तास, स्टार माझा, आयबीएन लोकमत ही चॅनेल्स पाठोपाठ आली आणि तरुण मुलामुलींची एकदम भरती झाली. कॉलेजांनी स्टुडिओ बांधले, टेलिप्रॉम्प्टर घेतले. तेव्हापासून वर्गातल्या निम्म्या मुलांना अँकर व्हायचं असतं. चॅनेलमध्ये अँकरच्या खुर्च्या मोजक्याच असतात. बाकीची माणसं असाइनमेंटवर, आउटपुटला, ग्राफिक्सवर, एडिटिंगला बसलेली असतात आणि त्यांचं सगळं काम जिल्ह्याकडून येणाऱ्या मजकुरावर चालतं.

तो मजकूर पाठवतं कोण? राज्यात 34 जिल्हा परिषदा आहेत, साडेतीनशेच्या वर तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याच्या गावी चार-दोन वार्ताहर असतात, आणि पत्रकारितेची पदवी असलेली मुलं त्यांत फारशी दिसत नाहीत. मुलांना गावाकडे जायचं नसतं, असं आपण सहज म्हणून टाकतो. मला ते पटत नाही. गावाकडून आलेली कितीतरी मुलं परत जायला तयार असतात, पण तिथे त्यांना पगार द्यायला कोणी तयार नसतं.

तालुका वार्ताहराचं अर्थकारण बाहेरच्या वाचकाला सहसा ठाऊक नसतं. मानधन नावापुरतं. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी, वर्धापनदिनाची पुरवणी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस हा त्याचा हंगाम. आता कायदा असा, की ऊस तुटून गेल्यावर चौदा दिवसांत कारखान्याने शेतकऱ्याला एफआरपीचे पैसे दिले पाहिजेत. ते थकले, तर बातमी करायची याच वार्ताहराने. आणि चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात आणायची, तीही त्यानेच. एकाच आठवड्यात ही दोन्ही कामं एका माणसाकडून होणार नाहीत. आमच्या पत्रकारितेच्या नीतिशास्त्राच्या पेपरात वस्तुनिष्ठतेवर प्रश्न असतो, कमिशनवर नसतो. तो असायला हवा, असं मी अभ्यास मंडळात सांगत आले आहे.

याच राज्यात वेगळं घडून गेलेलं आहे, म्हणून ही गोष्ट जास्त टोचते. नानासाहेब परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले, डॉक्टरेट घेऊन परत आले आणि 1932 साली त्यांनी 'सकाळ' काढला. एवढं शिकलेल्या माणसाने भर दिला तो गावोगावच्या बातमीदारांवर. बाजारभाव, पाऊसपाणी, नगरपालिकेतली भांडणं यांना त्यांनी बातमीचा मान दिला.

वर्गात मी हे शिकवते ते पोलिसांच्या प्रेसनोटवरून. मुलांच्या हातात साधी दुचाकीचोरीची नोट देते. भाषा ठरलेली असते : 'यातील फिर्यादी यांनी आपली मोटारसायकल हँडल लॉक करून उभी केली असता, कोणीतरी अज्ञात चोरट्याने स्वतःच्या फायद्याकरिता लबाडीच्या इराद्याने चोरून नेली.' निम्मी मुलं 'लबाडीच्या इराद्याने' जसंच्या तसं उतरवतात. आधी ते काढायला लावायचं. मग 'फिर्यादी' म्हणजे कोण, ते माणसाच्या भाषेत लिहायचं. गाडी कुठून गेली, ते पहिल्या वाक्यात आणायचं. संशयिताला चोर म्हणायचं नाही. एवढं झालं, की त्याच ठाण्याच्या महिनाभराच्या नोटा समोर ठेवायच्या. मग कोणीतरी म्हणतंच, मॅडम, यातल्या बऱ्याच गाड्या एसटी स्टँडजवळून गेल्यात. तिथे वाहनतळ कोणाचं? ठेका नगरपरिषदेने दिलाय की एसटीने? करारात राखणदार ठेवायची अट आहे का? कराराची प्रत माहिती अधिकारात मागायची, तर अर्ज कुणाच्या नावाने करायचा? इथपर्यंत आलेल्या मुलाची मला काळजी वाटत नाही. कॅमेरा त्याला आठवड्याभरात येईल.

या कौशल्याला गिऱ्हाईक आहे, आणि ते एकट्या वर्तमानपत्रांचं नाही. राज्य सरकारच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात जिल्हा माहिती अधिकाऱ्याची पदं लोकसेवा आयोगामार्फत भरतात. 2017मध्ये बीबीसी मराठी सुरू झालं, त्याच वर्षी ऐकायच्या पुस्तकांची स्टोरीटेल मराठीत आली आणि आवाजाची, संहितेची, संपादनाची नवी कामं निघाली. अनुवादाचं काम तर संपत नाही. म्हसवडला माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालतं, पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी आहे. अशा ठिकाणी पगार बेताचा, पण एकच माणूस मुलाखत घेतो, ध्वनी कापतो आणि कार्यक्रम हवेत सोडतो. पहिली दोन वर्षं शिकण्यासाठी याहून चांगली जागा मला सुचत नाही.

पालकांना मी आणखी एक सुचवते, आणि माझ्याच विभागाचे प्रवेश त्याने कमी होतील हे जाणून सुचवते : पहिली पदवी दुसऱ्या विषयात घ्या. शेती, अर्थशास्त्र, कायदा, सांख्यिकी, काहीही. पत्रकारिता त्यानंतर एक-दोन वर्षांत शिकता येते. 2005 साली 'ॲग्रोवन' निघाला तेव्हा शेतीला वाहिलेलं दैनिक मराठीत चालू शकतं, हे दिसलं. तिथे पिकांवरच्या रोगांवर लिहायचं तर आधी रोग ओळखता यायला हवा. कोर्टाच्या बातमीचं, महापालिकेच्या अंदाजपत्रकाचंही तसंच.

विद्यापीठांकडे माझं मागणं साधं आहे. शेवटचं एक पूर्ण सत्र विद्यार्थ्याला तालुक्याच्या गावी पाठवावं, विद्यावेतन देऊन. त्याने ग्रामसभेला बसावं, तहसील कचेरीत सातबारा वाचायला शिकावं, बाजार समितीत पहाटे लिलावाला उभं राहावं, आणि रोज एक बातमी लिहून स्थानिक दैनिकाला द्यावी. विद्यावेतनाचा निम्मा भार वृत्तपत्राने उचलावा आणि या मुलांना जाहिराती आणायला सांगणार नाही, एवढं लेखी द्यावं. अशा करारावर सही करायला तयार असलेला संपादक भेटला, की पुढच्या जूनमध्ये मी माझे विद्यार्थी पाठवायला तयार आहे.