शेऱ्याचा रकाना

गेल्या चैत्रात देडतलाईहून खकनारला येणाऱ्या बसमध्ये एका कोरकू बाईने सुकवलेल्या मोहाचे पोते माझ्या पायांशी आणून टेकवले, कंडक्टर मालाच्या भाड्यावरून तिच्यावर खेकसला, आणि त्या आंबूस-गोड, किंचित डोके धरणाऱ्या वासाने मला थेट एका जुन्या हजेरीपटातील शेऱ्याच्या रकान्यापाशी नेऊन सोडले.

माझे वडील जंगलखात्यात नाकेदार. नाक्यापासून हाकेच्या अंतरावर कोरकू मुलांसाठी मिशनची एक शाळा होती, तिला लागून वसतिगृह होते, आणि दुसरी सोय नसल्यामुळे मीही तेथेच अक्षरे गिरवली. वऱ्हाडातील एका ख्रिस्ती मंडळीने ठरावीक मुदतीच्या सेवेवर एक जोडपे तेथे पाठवले होते. मास्तर शिकवीत, हिशेब ठेवीत आणि रविवारी उपासना चालवीत; बाकीचे सर्व, म्हणजे जखमा धुण्यापासून कोरकू बोलायला शिकण्यापर्यंत, बाई करीत. मंडळीच्या वार्षिक अहवालात मात्र मास्तरांचे नाव पूर्ण छापून येई आणि बाईंची बोळवण ‘सपत्नीक’ या एका शब्दात होई. या गोष्टीचा राग मला त्या वयात येण्याचे कारण नव्हते. तो पुढे आला आणि अजून गेलेला नाही.

फाल्गुन सरता सरता मोह गळू लागला की पहाटे, उजाडण्यापूर्वीच, पोरे आईबापांबरोबर टोपल्या घेऊन रानात जात आणि वर्ग अर्धा ओस पडे. हजेरी घेण्याचे काम बाईंकडे होते. गैरहजेरीचे चिन्ह मांडून त्या थांबत नसत. नावापुढच्या शेऱ्याच्या रकान्यात, बोरू धरल्यासारखा टाक आडवा धरून, त्या लिहीत : ‘मोहाला गेला.’ ‘मोहाला गेली.’ ‘धाकटीला सांभाळते.’ एकदा तर ‘मोहाला गेला, दुपारी येईल’ असे लिहिलेले मी पाहिले, आणि तो मुलगा दुपारी खरोखरच आला, तळव्यांना चिकटलेला मोहाचा रस पाटीवर उमटवीत.

तपासणीस आलेल्या साहेबांना हे रुचले नाही. त्यांनी तांबड्या पेन्सिलीने तो रकाना उभा छेदला आणि गैरहजेरीस कारण द्यायचे तर रजेचा अर्ज जोडावा, असे फर्मावले. मास्तर खाली पाहत राहिले. बाई म्हणाल्या, “साहेब, पोर कुठं आहे ते मला ठाऊक आहे. ठाऊक आहे ते लिहू नको म्हणता?” साहेबांनी उत्तर दिले नाही, त्यांनी चहा मागवला.

येथे थोडा इतिहास मध्ये आणणे भाग आहे, जरी तो या गोष्टीत नीट बसत नाही. कोरकूंसाठी आलेले हे काही पहिले दांपत्य नव्हे. १८७२ साली हिंदुस्थानात आलेले अमेरिकन मिशनरी आल्बर्ट नॉर्टन हे पत्नीसह एलिचपुरास राहून कोरकूंमध्ये काम करीत. पुढे शतकाअखेरच्या दुष्काळात ते पंडिता रमाबाईंच्या परिचयाने दौंडच्या अनाथ मुलांकडे वळले. मेळघाटच्या अंगाने काम करणाऱ्या दुसऱ्या एका मिशनमधील जॉन ड्रेक यांनी कोरकूचे व्याकरण रचले, ते १९०३ साली कलकत्त्यास छापले गेले. मराठी, निमाडी, गोंडी यांच्या वेढ्यात राहूनही ही भाषा दूर छोटा नागपुराकडील संथाळी-मुंडारीची सख्खी बहीण आहे. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सव्वासात लाख भरले. ड्रेकसाहेबांचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. तरीही आम्ही जे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलो, त्यांनी कोरकूंकडून लाकूडफाटा, मध आणि मजुरी घेतली, भाषा घेतली नाही. मिशनांवरचा संशयही निराधार नव्हता. मध्यप्रदेश सरकारने १९५४ साली भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली आणि १९५६ साली तिचा अहवाल आला. त्यानंतरच्या हवेत मास्तरांकडे दर रविवारी उपासनेस कोण आले याचीच चौकशी अधिक होई. त्याच वर्षी घटनेत कलम ३५० क आले, आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे राज्यांना सांगितले गेले. आमच्या नाक्यापर्यंत ते कलम चालत आले नाही.

अलीकडे वाचनात आले की इक्वेडोरात कायांबेच्या परिसरात दोलोरेस काकुआंगो या स्वतः निरक्षर असलेल्या किच्वा स्त्रीने १९४५-४६ च्या सुमारास किच्वा आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत शिकवणाऱ्या शाळा काढल्या. तिचाच मुलगा तेथे शिक्षक होता, काही धर्मभगिनींनी हातभार लावला, आणि १९६३ साली आलेल्या लष्करी राजवटीने त्या शाळा बंद पाडल्या. आजही परदेशातील मंडळ्या एखाद्या जोडप्याला किच्वा मुलांच्या शाळेत सेवेवर धाडतात म्हणे. तेथील हजेरीपटात शेऱ्याचा रकाना असतो का, आणि तो त्या दोघांपैकी कोण भरतो, एवढेच मला विचारावेसे वाटते.

मी स्वतः पुढे महसूल खात्यात कारकून झालो. गोषवारे, तक्ते, मासिक पत्रके यांत आयुष्य गेले, आणि ‘कारण नमूद नाही’ हे शब्द लिहिताना दर वेळी हात किंचित अडखळे. अडखळून मग लिही.

पण वडिलांविषयी सांगायचे राहिले. मोह वेचण्यापूर्वी झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यातून वणवा पेटतो, आणि वणव्याचा जाब नाकेदाराला द्यावा लागतो. एका संध्याकाळी वडील शाळेच्या ओट्यावर गेले आणि त्यांनी हजेरीपट मागितला : कोणाकोणाच्या घरचे रानात होते, ते त्यात तारीखवार लिहिलेले होतेच. मास्तर कायद्याला भिणारे. ते उठले आणि पट घेऊन आले. बाईंनी तो त्यांच्या हातून काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “भाऊसाहेब, पट देते. पण आधी वहिनींना विचारून या, तुमच्या गोठ्यात मोहाच्या टोपल्या कोणाकडून येतात.” वडील काही वेळ मिशीशी चाळा करीत उभे राहिले, मग हसले, आणि बुऱ्हाणपुरात केळीचा भाव काय चालला आहे यावर मास्तरांशी बोलू लागले. त्या महिन्याची त्यांची रोजनिशी मी त्यांच्या पश्चात पाहिली. ‘वणवा : निरंक’ असे तीत सुवाच्य अक्षरात लिहिले आहे. पलीकडची टेकडी त्या वर्षी माथ्यापर्यंत काळी झाली होती हे मला पक्के आठवते, आणि आमची म्हैस पावसाळ्यापर्यंत झकास दूध देत होती.